सेप्टिक टँकमधले मृत्यू आणि १०६ चा शिरस्ता : पोलीस महासंचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : सेप्टिक टँक आणि ड्रेनेजमध्ये उतरवलेल्या कामगारांच्या मृत्यूंत लावली जाणारी कलमं.

महोदय,

एखाद्या सोसायटीने पैसे वाचवायला सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवला आणि तो मेला, तर उतरवणाऱ्यावर कुठलं कलम लागावं? कायद्यात याचं उत्तर आहे, पण ते परिस्थिती बघून द्यायचं आहे. पोलीस ठाण्यात मात्र ते परिस्थिती बघण्याआधीच तयार असतं. पहिल्यांदा अकस्मात मृत्यूची नोंद. नातेवाईक फारच मागे लागले, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू. त्याच संहितेत त्याच्या लगेच आधी कलम १०५ आहे, सदोष मनुष्यवधाचं. ते का लावलं नाही, असं विचारलं की ठाण्यातले लोक आपण काहीतरी अवाजवी मागितल्यासारखे बघतात. मी विचारलं होतं. म्हणून आता आपल्याला विचारते, आणि सगळ्यांसमोर विचारते.

मी कोण, ते सांगते. तालुक्याच्या कोर्टाजवळ एका वकिलांकडे मी टायपिंग करते. फिर्यादी, जामीनअर्ज, कैफियती रोज हाताखालून जातात. माझा धाकटा भाऊ नाक्यावरचा मजूर होता. रंगकाम, प्लंबरच्या हाताखालचं काम, स्लॅबच्या दिवशी घमेली, मिळेल ते. त्याचं नाव इथे देत नाही, कारण त्याची मुलगी शाळेत जाते आणि बाप कसा गेला हे वर्गात कळलेलं तिला नको आहे. गेल्या उन्हाळ्यात एका ठेकेदाराने त्याला आणि आणखी एका मजुराला नाक्यावरून उचललं आणि एका हाउसिंग सोसायटीत नेलं. काम सांगितलं होतं चेंबर साफ करायचं. तिथे टाकीचं झाकण उघडून दिलं, एक दोर दिला, बादली दिली. भाऊ आधी उतरला. तो हाकेला ओ देईना, म्हणून दुसरा त्याला काढायला उतरला. दोघांनाही अग्निशमन दलाच्या जवानांनी वर काढलं, तेव्हा उशीर झाला होता.

आता माझ्या तक्रारी. त्या एकट्या आमच्या नाहीत. ऑफिसात अशी दुसरी प्रकरणंही येतात, कागद बघितले की पानंसुद्धा तीच वाटतात.

पहिली तक्रार अकस्मात मृत्यूच्या नोंदीबद्दल. "ताई, आत्ता एडी घेतलीय, व्हिसेऱ्याचा रिपोर्ट येऊ द्या, मग गुन्ह्याचं बघू," असं आम्हाला सांगण्यात आलं. एडी म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, आणि व्हिसेरा म्हणजे शवविच्छेदनात काढून रासायनिक तपासणीला पाठवलेले अवयव. सांगणारे हवालदार वाईट माणूस नव्हते, त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली. पण ते सांगत होते ते कायद्याला धरून नव्हतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १९४ खालची चौकशी मृत्यू वरकरणी कशाने झाला एवढंच बघण्यासाठी असते. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, घडल्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ ला सांगितलं. आणि इथे दखलपात्र गुन्हा तर टाकीपाशीच दिसत होता. हाताने मैला उचलण्याला बंदी घालणारा २०१३ चा कायदा सांगतो, की सुरक्षेची साधनं न देता कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवायचं नाही, थेटही नाही आणि ठेकेदारामार्फतही नाही. हे कलम ७. मोडलं तर कलम ९ प्रमाणे पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम २२ प्रमाणे गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे माणूस मेला नसता, नुसता उतरवला असता, तरी गुन्हा झालेला होता. त्यासाठी व्हिसेरा कशाला हवा?

वाट बघण्यात आणखी एक खड्डा आहे, आणि तो नातेवाइकांना कोणी दाखवत नाही. याच कायद्याचं कलम १० म्हणतं, की घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार झाली असेल तरच न्यायालय दखल घेईल. तीन महिने! ज्या घरातला कमावता गेला, त्या घराचे तेरावं, मृत्यूचा दाखला, रेशनकार्डावरचं नाव यातच तीन महिने जातात. व्हिसेऱ्याचा अहवाल तीन महिन्यांत येईलच, असं ठाण्यातलं कोणीही लिहून देणार नाही. मी टायपिंग करते म्हणून मला हे कलम माहीत. अधीक्षकांकडे लेखी अर्ज दिल्यावर आमचा एफआयआर नोंदला गेला, तोही फक्त १०६ चा. २०१३ च्या कायद्याचं कलम त्यात यावं म्हणून पुन्हा वेगळा अर्ज करावा लागला, मुदत संपत आलेली असताना. दुसऱ्या मजुराची बायको मराठी वाचू शकत नाही. ती एकटी असती, तर त्या कायद्याखालचा गुन्हा कागदावर आलाच नसता.

दुसरी तक्रार सगळ्यांत मोठी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ढोबळ मानाने बघितलं तर कायद्यातला फरक असा. जीव घ्यायचा इरादा असेल तर खून. इरादा नव्हता, पण आपण करतो आहोत त्याने जीव जाण्याचा संभव आहे याची जाणीव होती आणि तरीही केलं, तर सदोष मनुष्यवध : कलम १०५, दहा वर्षांपर्यंत कैद. अशी जाणीव नव्हती, पण घ्यायला हवी होती ती काळजी घेतली नाही, तर निष्काळजीपणा : कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत. जुन्या दंड संहितेत या शेवटच्या गुन्ह्याचं कलम ३०४-अ होतं. मूळच्या १८६० च्या कायद्यात ते नव्हतंच, १८७० मध्ये घातलं, आणि तेव्हाची दोन वर्षांची कमाल शिक्षा ३० जून २०२४ पर्यंत तशीच राहिली. आता ती पाच झाली. पण मुद्दा वर्षांचा नाही. मुद्दा हा, की १०५ आणि १०६ यांच्यामधली रेघ जाणिवेवर ओढलेली आहे. मग तपास कशाचा व्हायला हवा? जाणिवेचा. आमच्या प्रकरणात नेमका तोच झाला नाही.

सेप्टिक टँकमध्ये काय असतं, हे गुपित नाही. हवा न लागता मैला कुजतो, त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचून राहतो, आणि माणसाने उतरून गाळ ढवळला की एकदम सुटतो. कमी असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते, म्हणजे माणसाला वाटतं वास गेला, आता बरं आहे. त्याहून वाढला तर एकदोन श्वासांत शुद्ध हरपते. म्हणून तर एकाला काढायला गेलेला दुसराही आतच पडतो. दर वर्षी वर्तमानपत्रांत ही बातमी येते, गावं बदलतात, क्रम तोच असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली, जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणूस उतरवून गटारं साफ करण्यावर बंदी घालण्याचा आदेश दिला. एवढं झाल्यावर शहरातल्या सोसायटीच्या कमिटीला आणि याच धंद्यात असलेल्या ठेकेदाराला "आम्हाला काय ठाऊक" म्हणायची सोय कशी राहते?

तरीही मी म्हणते, की सर्वसाधारण माहितीवर कोणाला दहा वर्षं आत टाकू नका. त्या माणसाला, त्या दिवशी, त्या टाकीबद्दल काय ठाऊक होतं ते शोधा. आमच्या बाबतीत शोधण्यासारखं पुष्कळ होतं. सोसायटीने आदल्या वर्षी सक्शन गाडी बोलावून टाकी उपसली होती, त्याची पावती फाइलला होती. या वर्षी गाडीचं कोटेशन आलं होतं, ते कमिटीच्या सभेत वाचलं गेलं आणि "स्थानिक पातळीवर कमी खर्चात करून घ्यावे" असं ठरलं. हे मला तिथल्याच एका सभासदाने सांगितलं, चांगला माणूस, पण साक्षीला यायला घाबरतो. वॉचमन सांगत होता, की काही वर्षांपूर्वी याच टाकीत एक जण चक्कर येऊन पडला होता आणि थोडक्यात वाचला. हे खरं निघालं, तर जाणीव म्हणजे आणखी काय असतं? पण सभेचं इतिवृत्त तपास अधिकाऱ्यांनी मागवलं नाही. कोटेशन मागवलं नाही. वॉचमनचा जबाब झाला, त्यात तो त्या दिवशी गेटवर होता एवढंच आहे, आणि आता तो गावी निघून गेला. पंचनाम्यात टाकीची लांबी-रुंदी-खोली आहे, झाकणाचा रंगसुद्धा आहे. आत कुठला वायू किती होता, हे मोजल्याची ओळ नाही. गॅस मोजणारं यंत्र होतं का, हवेच्या नळीचा मुखवटा होता का, हार्नेस होता का, हे प्रश्न २०१३ च्या नियमांत छापलेले आहेत. ते समोर ठेवून पंचनामा लिहिला असता तरी अर्धं काम झालं असतं.

आणि ही गोष्ट तर मी विसरू शकत नाही. "गल्ली अरुंद, गाडी येत नाही, म्हणून माणसं उतरवली," असं सेक्रेटरींनी जबाबात सांगितलं आहे. दोन मृतदेह काढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच टाकीपाशी सक्शन गाडी आली आणि टाकी उपसून गेली. गल्ली तीच होती. पुरावाही गाडीबरोबर गेला.

कोणी म्हणेल, न्यायालयात हे टिकत नाही. टिकतं. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि सात जण मेले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरला आणि सहा महिन्यांची कैद दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ते कायम ठेवलं. न्यायालयाच्या म्हणण्याचा गाभा असा, की आपलं कृत्य जिवावर बेतेल इतकं धोक्याचं आहे हे शहाण्या माणसाला कळतं, ते कळत असताना जो ते करतो त्याला परिणामाची जाणीव होती असं धरता येतं. तीन वर्षं पुष्कळ झाली का, हा वेगळा वाद. पण रेघ कुठे ओढायची ते तिथे लिहिलेलं आहे. उलटं उदाहरण भोपाळचं. हजारो माणसं मेली, सीबीआयने सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला होता, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणावर आणला. २०१० मध्ये निकाल लागला तेव्हा त्या कलमाखाली जास्तीत जास्त जेवढी देता येते तेवढी शिक्षा दिली गेली : दोन वर्षं. आधीच खालचं कलम लागलं की पुढे न्यायाधीशाच्या मनात असूनही हात बांधलेले राहतात.

आणि पोलिसांना १०५ ची वाट माहीत नाही असंही नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळलं, १७ जण गेले, तेव्हा सदोष मनुष्यवधाचं जुनं कलम ३०४ लगेच लागलं. त्याच महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीने दोन तरुण मुलं मारली, तिथे आधी ३०४-अ होतं, राज्यभर ओरड झाली आणि ३०४ आलं. या दोन्ही ठिकाणी ते लागलं याचं मला बरंच वाटलं. पण टाकीत मेलेल्या मजुरासाठी टीव्हीच्या गाड्या येत नाहीत. कलम किती माणसं ओरडली यावर ठरत असेल, तर नाक्यावरच्या मजुराच्या वाट्याला कायम १०६ च येणार.

तिसरी तक्रार, या एका आकड्याने पुढचं सगळं ठरतं त्याबद्दल. १०६(१) जामीनपात्र आहे. ठेकेदार ठाण्यातूनच जामिनावर सुटला, संध्याकाळी तो नाक्यावर चहा पीत होता हे आमच्या पाहुण्यांनी बघितलं. १०५ अजामीनपात्र आहे आणि सत्र न्यायालयात चालतं. १०६ मॅजिस्ट्रेटकडे, जिथे माझ्या डोळ्यांदेखत तारखांवर तारखा पडतात. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आता एफआयआरच्या आधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे. १०६ त्यात बसतं, १०५ बसत नाही. आणि जातीचा प्रश्न. आम्ही अनुसूचित जातीचे आहोत. हे काम करायला कोणाला हाक मारायची हे नाक्यावर न विचारता ठरतं, ते आपल्याला मी सांगायला नको. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(२)(पाच) सांगतं, की दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा, व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे माहीत असताना केला, तर जन्मठेप. १०५ लागलं तर या कलमाचा विचार होऊ शकतो. १०६ ला पाचच वर्षं, दारच बंद. तो कायदा लागला की तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडे जातो, कलम १५-अ प्रमाणे पीडितांना जामिनाच्या वेळी म्हणणं मांडता येतं. आमच्याकडे तपास फौजदारांकडे आहे, आणि ठेकेदाराला जामीन मिळाला हे आम्हाला तो चहा पिताना दिसला तेव्हा कळलं.

चौथी : साखळी पहिल्या कडीवर तुटते. आरोपी कोण, तर फक्त ठेकेदार, जो स्वतः काल-परवापर्यंत मजूर होता. ज्यांनी पैसे वाचवायचं ठरवलं ते साक्षीदार. २०१३ च्या कायद्याच्या कलम २३ मध्ये कंपनी किंवा संस्थेने गुन्हा केला तर कारभार बघणाऱ्यांनाही जबाबदार धरायची तरतूद आहे. सोसायटी सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे. चेअरमन, सेक्रेटरी यांच्या सह्यांशिवाय तिथे बल्बसुद्धा बदलत नाही. त्यांना आरोपी कराच असं मी म्हणत नाही. सह्या कोणाच्या आहेत ते बघा, एवढंच.

पाचवी, थोडक्यात. "तो स्वतःहून उतरला," हे वाक्य आम्ही ठाण्यात, सोसायटीत आणि तहसीलमध्ये ऐकलं. ज्या कृत्याने मृत्यूचा संभव आहे हे करवून घेणाऱ्याला माहीत आहे, तिथे मरणाऱ्याची संमती ढाल होत नाही, हे न्याय संहितेच्या कलम २५ वरून स्पष्ट आहे. रोजंदारीच्या माणसाची संमती म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही. याच वाक्यामागोमाग पाकीट येतं आणि "आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही" असा टाइप केलेला कागद. आईसमोर तो कागद ठेवला गेला तेव्हा ठाण्यातलेच एक जण शेजारी बसले होते. आईने सही केली नाही. ना १०५ आपसात मिटवता येतं, ना १०६. हे सांगायचं काम त्यांचं होतं.

केंद्र सरकारने २०२२ आणि २०२३ मधल्या अशा ५४ मृत्यूंचं सामाजिक लेखापरीक्षण करून घेतलं. त्यात ४९ जणांकडे कसलंही सुरक्षा साधन नव्हतं. लेखापरीक्षक नंतर जाऊन हे शोधू शकले, तर त्याच दिवशी टाकीपाशी उभ्या असलेल्या तपास अधिकाऱ्याला ते पंचनाम्यात लिहिता यायला काय हरकत आहे?

आमचे वकीलसाहेब मला म्हणाले, "कलम लावणं सोपं, टिकवणं अवघड. उगाच चढवलेलं कलम दोषमुक्तीच्या अर्जात गळून पडतं आणि मग सगळी केसच पातळ होते." त्यांचं बरोबर आहे. प्रत्येक टाकीतला मृत्यू म्हणजे १०५, अशी माझी मागणी नाही. परवानाधारक कंपनीने सगळी साधनं देऊन काम केलं, गॅस मोजला आणि तरी उपकरण बिघडलं, तर तिथे १०६ असेल, कदाचित तेही नसेल. कोणाला फाशी द्या, असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. आईचं म्हणणं एवढंच, की ते सेक्रेटरी कोर्टात उभे राहून सांगू देत त्यांना काय ठाऊक होतं. कलम टिकत नाही ते पुरावा गोळा केलेला नसतो म्हणून, आणि पुरावा गोळा होत नाही ते कलम आधीच खालचं ठरलेलं असतं म्हणून. हा फेरा तोडायला विधानसभेत नवा कायदा करावा लागणार नाही. आपल्या सहीचं एक परिपत्रक पुरे आहे. त्यात पुढच्या गोष्टी असाव्यात, अशी माझी मागणी आहे.

१. गटार, चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये मृत्यू झाला तर त्याच दिवशी एफआयआर व्हावा आणि त्यात २०१३ च्या कायद्याची कलमं पहिल्यापासून असावीत. व्हिसेऱ्यासाठी गुन्हा अडवून ठेवू नये. कलम १० ची तीन महिन्यांची मुदत नातेवाइकांना लेखी कळवावी.

२. टाकी उपसू देण्याआधी आतला वायू मोजून घ्यावा. अग्निशमन दलाची मदत घ्यावी, आणि आकडा पंचनाम्यात यावा. पहिल्या चोवीस तासांत सभेची इतिवृत्तं, कोटेशनं, आधीच्या उपशाच्या पावत्या, ठेकेदाराशी झालेले फोन आणि मेसेज ताब्यात घ्यावेत.

३. या कागदांवरून जाणीव दिसत असेल तर १०५ लावावं. दिसत नाही असं तपास अधिकाऱ्याचं मत असेल, तर का दिसत नाही ते उपअधीक्षकांनी स्वतःच्या सहीने लिहावं आणि त्याची प्रत कुटुंबाला द्यावी. पटलं नाही तर आम्ही न्यायालयात जाऊ, पण कशाविरुद्ध जायचं ते तरी आम्हाला कळलं पाहिजे.

४. मृत व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलमांचा विचार केल्याची नोंद पहिल्याच केस डायरीत असावी.

५. काम ठरवणारा, पैसे मंजूर करणारा आणि माणूस आणणारा, तिघांचीही भूमिका तपासावी.

६. नातेवाइकांसमोर तडजोडीचा कागद ठेवताना ठाण्यातला कर्मचारी हजर दिसला तर त्याच्यावर खात्याची कारवाई व्हावी.

७. राज्यात अशा किती मृत्यूंत कुठलं कलम लागलं आणि पुढे काय झालं, याचा तक्ता दर वर्षी महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा. नावं नकोत, आकडे आणि कलमं पुरेत.

८. माझ्या भावाच्या आणि त्याच्याबरोबर गेलेल्या मजुराच्या प्रकरणात तपास उपअधीक्षकांकडे द्यावा, सोसायटीची इतिवृत्त-वही आणि गेल्या दोन वर्षांच्या खर्चाच्या पावत्या जप्त कराव्यात, वॉचमनचा जबाब त्याच्या गावी जाऊन पुन्हा घ्यावा. दोषारोपपत्र अजून दाखल झालेलं नाही, त्यामुळे यातलं काहीच उशिराचं नाही. गुन्ह्याचा क्रमांक आणि ठाण्याचं नाव असलेला स्वतंत्र अर्ज आपल्या कार्यालयात पोचपावतीसह दिला आहे.

आपली विश्वासू,
मृताची मोठी बहीण